अकरा वर्षांच्या मुलीला डिस्टोपियन पुस्तकं वाचायला द्यावीत का?

तुमची मुलगी ‘द गिव्हर’ मागतेय आणि असली काळोखी डिस्टोपियन पुस्तकं, म्हणजे वरून नीटनेटक्या पण आतून भयाण समाजाच्या गोष्टी, या वयात द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. द्या. ती घाबरेल, तरी द्या. फक्त मध्येच काढून घेऊ नका.

मी गोव्यात सांगे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. शनिवारी शेवटचा तास वाचनाचा. लॉइस लौरींची १९९३ची ही कादंबरी मी घरी वाचून सहावीच्या वर्गाला मराठीतून सांगत होते. भूक नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत असा गाव. पहिले दोन शनिवार मुलांना तिथं राहायलाच जायचं होतं. मग गोष्टीतल्या मुलाला, जोनासला, हवेत उडवलेलं सफरचंद क्षणभर वेगळं दिसतं, आणि ते वेगळेपण म्हणजे लाल रंग हे पुढे कळतं, तेव्हा वर्ग गप्प झाला.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “टीचर, आमच्या आजीचा गाव पण सगळ्यांचं बरं व्हावं म्हणूनच बुडवला ना? मग ती मे महिन्यात तिथं जाऊन रडते कशाला?”

आजीचा गाव म्हणजे कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी. ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात, सोमेश्वराच्या देवळापाशी जुनी माणसं जमतात. महादेवाचं देऊळ तेवढं दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभं केलं. त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं. बऱ्याच मुलांच्या घरी कोणी ना कोणी तिकडचं होतं. गाव बुडवायचं कोणी ठरवलं, आजीला विचारलं होतं का, देऊळ हलवता येतं तर शेत का नाही, असं सगळं निघालं. धरणाचं पाणी आपणही पितो, हेही त्यांच्यातलाच एक बोलला. डिस्टोपिया हा शब्द मी उच्चारलाही नव्हता. इतका चांगला तास मला पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या शनिवारी जोनासचे वडील जुळ्यांतल्या वजनाने कमी असलेल्या बाळाला सुई टोचून संपवतात, तो भाग आला. एक मुलगा रात्री झोपला नाही. सोमवारी पालक शाळेत आले आणि हेडमास्तरांनी वाचनाचा तासच बंद केला. “मुलांना आनंदी गोष्टी सांगा,” म्हणाले. आणखी एक शनिवार द्या म्हणून मी हात जोडले, कारण त्यानंतरच जोनास दुसऱ्या एका बाळाला, गेब्रिएलला, सायकलवर घेऊन रातोरात गाव सोडतो. वर्गाने ते कधी ऐकलंच नाही. ती मुलं सुईपाशीच राहिली. गोष्टीने मुलगा घाबरला हे मला मान्य आहे, पण त्याला त्या भीतीत तसाच ठेवला तो मोठ्यांनी.

तो मुलगा गेल्या वर्षी मडगावच्या बसस्टँडवर भेटला. कॉलेजात आहे. मी जोनासचं नाव काढलं तर म्हणाला, “टीचर, तो सुटला काय?” कदंबा बस सुटेपर्यंत उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

याच पुस्तकावर अमेरिकेतही नव्वदच्या दशकात शाळांमधून भरपूर आक्षेप आले, आणि बालसाहित्याचं न्यूबेरी पदकही त्यालाच मिळालं. म्हणजे घाबरणारे मोठे सगळीकडेच आहेत.

आता दोन गोष्टी राहिल्या. घरात अलीकडे एखादं बाळ गेलं असेल तर वर्षभर थांबा. आणि ‘द हंगर गेम्स’ इतक्यात नको. त्यात मुलंच मुलांना मारतात, तेरा-चौदाची होऊ दे. ‘द गिव्हर’चा शेवट मोकळा आहे, जोनास वाचला की नाही यावर ती तुमच्याशी भांडेल. तिच्याबरोबर तुम्हीही वाचून ठेवा. आणि घरात कोणी पुस्तक काढून घ्या म्हणालं, तर आधी त्यांना शेवटची दोन प्रकरणं वाचायला लावा.