डिझाइनचं शिक्षण नाही, पुण्यात राहून सरफेस पॅटर्न डिझायनर होता येईल का?

बी.कॉम. झालंय, फुलं-पानं चांगली काढता येतात, पैठणीची आवड आहे, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. होता येईल. सरफेस पॅटर्न म्हणजे कापड, कागद अशा पृष्ठभागांवरची नक्षी. फक्त पहिले दोन-तीन महिने सॉफ्टवेअर उघडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या कामाचा कणा म्हणजे रिपीट, म्हणजे शेजारी-शेजारी लावला की जोड न दिसता पुढे चालू राहणारा नक्षीचा तुकडा, आणि ते हातानेच नीट कळतं.

२० बाय २० सेंमीचा कागद घ्या. मधोमध चित्र काढा, कडांना लागू देऊ नका. मग कागद उभा अर्धा कापा, डावा तुकडा उजवीकडे न्या आणि मागून चिकटपट्टी लावा. मध्ये पडलेली मोकळी जागा भरा. आता आडवा कापा, वरचा भाग खाली न्या, पुन्हा भरा. याच्या नऊ झेरॉक्स काढून तीन बाय तीन अशा भिंतीवर लावा आणि दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघा. जवळून न दिसलेले पट्टे किंवा भोकं हमखास दिसतात. सगळी फुलं एकाच दिशेला वळली असतील किंवा एकच आकार फार गडद असेल, तर असं होतं. फुलं फिरवा, नाहीतर हाफ-ड्रॉप करा, म्हणजे शेजारचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने खाली सरकवा.

चित्र झाडासमोर बसूनच काढा. पळसाला पानं तीनच, पण तिन्ही सारखी नसतात: मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं, कडेची दोन तिरकी. इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेल्या चित्रात नेमकं हेच सुटतं.

पारंपरिक कलेतला नुसता आकार उचलू नका, तो तसा का झाला ते बघा. पैठणीतल्या कोयरीच्या कडेला बारीक पायऱ्या असतात, कारण आडवा रंगीत धागा उभ्या धाग्यांपाशी वळवून परत आणलेला असतो. कड गुळगुळीत केलीत तर पैठणीपण जातं. राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते वहीत काढा. प्राणी-पक्षी त्या आकारात कसे बसवलेत ते बघण्यासारखं आहे.

फाइल प्रत्यक्ष मापात, ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) करा. ३२ सेंमी म्हणजे ३७७९.५ पिक्सेल, त्या अर्ध्या पिक्सेलमुळे जोडावर केसासारखी रेघ येते, म्हणून ३७८० धरा. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या जाळीदार नळकांड्याने कापड छापताना, त्या नळकांड्याचा म्हणजे स्क्रीनचा घेर बहुतेकदा ६४ सेंमी असतो, तेव्हा रिपीटची उंची ६४, ३२ किंवा १६ ठेवा. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे पाच-सहा रंगांत भागवायला शिका.

पोर्टफोलिओत सुटी तीस डिझाइन्स नकोत. तीन कलेक्शन, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या डिझाइन्सचे संच, पुरेत, प्रत्येकात एक मोठं, दोन मधली आणि एक बारीक भरणीचं.

आणि विकण्याआधी डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी करा. संरक्षण १० वर्षं, पुढे आणखी ५. नोंदणीयोग्य डिझाइन न नोंदवता कारखान्यात त्याच्या ५० हून जास्त प्रती निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो.