संघटनेकडे पैसे नको, जागा मागा

प्रश्न : कापड प्रोसेसिंगमधून वाहून जाणाऱ्या गरम सांडपाण्यातली उष्णता परत मिळवणारा हीट एक्स्चेंजर आम्ही तिघांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बनवला, कंपनीही काढली. इचलकरंजीतल्या दोन मालकांनी ‘आधी कुठे बसवलाय ते दाखवा’ म्हणून परत पाठवलं. उद्योजकांच्या संघटनेत जाऊन उपयोग होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होईल, पण तिथे गुंतवणूक मागू नका. चालू कारखान्यात सहा आठवडे जागा मागा.

मी 31 वर्षं इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसचा, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्याचा, बॉयलर सांभाळला. तुमच्यासारखंच एक यंत्र काही तरुण मंडळींनी आमच्याकडे बसवलं होतं. लॅबमध्ये नळाच्या पाण्यावर ते झकास चालायचं, आमच्याकडे चौथ्या दिवशी तुंबलं. यंत्रातल्या उष्णता घेणाऱ्या प्लेटा उघडल्या तर मधे रंगाने माखलेला कापसाचा लगदा, बोटाने ओढला की वातीसारखा निघायचा. शेवटी आमच्या फिटरने पुढे जाळीचा ड्रम बसवला आणि दर पाळीला तो धुवायची सवय लावली, तेव्हा कुठे यंत्र सुरळीत झालं. असा फिटर तुम्हाला संघटनेतूनच भेटेल.

मालकाशी कार्बनची भाषा बोलू नका, कोळशाची बोला. हजार लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला 20 हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे आपल्याकडच्या बॉयलरवर साधारण सहा-सात किलो कोळसा. एवढं गणित घेऊन संघटनेच्या सेक्रेटरींना भेटा, मासिक बैठकीत पाच मिनिटं मागा. जो कारखाना जागा देईल, तिथल्या चाचणीच्या नोंदी त्याच्याच बॉयलर ऑपरेटरला ठेवू द्या. तुमच्या आलेखापेक्षा शेजाऱ्याच्या कोळशाच्या बिलावर मालकाचा विश्वास जास्त बसतो, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. पाइपिंगचा खर्च मात्र जागा देणाऱ्या मालकाला करू द्या. पैसे घातले की माणूस यंत्राकडे लक्ष देतो.

यंत्र चारचौघांना दाखवण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज करा. पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. शोध विद्यापीठात लागलाय, तेव्हा तो वापरायचा हक्क कंपनीला लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही पहिल्या बिलाआधी करा. त्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक होतं.

चाचणीच्या नोंदी हाती आल्या की पुण्याला जा. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे. संशोधनातून निघालेल्या कंपन्यांना उभं करणं हेच त्यांचं काम. मराठा चेंबरमध्येही जा, 1934 पासूनची उद्योग-व्यापाऱ्यांची संस्था आहे, तिथे मोठे ग्राहक भेटतील.

आणि उद्याच एक काम करा. एखाद्या जिगरखालच्या (कापड रंगवायच्या यंत्राखालच्या) गटारातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून आणा. रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी किती बोटं गाळ बसलाय ते बघा आणि मग प्लेटांमधलं अंतर ठरवा.