गप्प बसणाऱ्या काकांची अचानक बेट

भाऊ, पोकरात अख्खा हात चेक-कॉल करणारे (स्वतः बेट न लावता फक्त दुसऱ्याची भरणारे) काका रिव्हरला, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्याला, अचानक आधीच बेट लावतात तेव्हा रेज करू (बेट वाढवू) नको. आपल्या धरमपेठेच्या घरगुती टेबलावर असे लोक ब्लफ क्वचितच करतात. फ्लशचा (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांचा) तिसरा पत्ता टेबलावर आला असेल तर त्यांना लागला समज.

पण लगेच पत्ते फेकूही नको. लिमिट पोकरात बेटचा आकार ठरलेला. पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैशांत) त्यांची धरून 8 बेट, तुला 1 भरायची: नऊपैकी एकदा जिंकलास तरी बरोबरी. टॉप पेअरवर (टेबलावरच्या सर्वात मोठ्या पत्त्याशी जुळलेल्या जोडीवर) कॉल कर, तोंड वाकडं न करता.

टर्नला (रिव्हरच्या आधीच्या उघड्या पत्त्याला) त्यांनी रेज केलं तर हिशेब दोन मोठ्या (टर्न-रिव्हरच्या दुप्पट) बेटचा, कारण रिव्हरलाही बहुधा भरावंच लागतं. आणि तुझ्यामागे अजून दोघं बोलायचे असतील तर एका पेअरवर हट्ट काऊन करतोस बे?