पेशीचं विभाजन आणि पेशीचा नियोजित मृत्यू, दोन्हींत तीच ती प्रथिनं का?

तुम्ही विचारलंय की हे दोन विषय पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात, मग पी५३ किंवा मिक या प्रथिनांची नावं दोन्हीकडे का येतात? आणि विभाजन अडवणाऱ्या औषधाने पेशी का मरते, नुसती थांबत का नाही?

धडे वेगळे असले तरी पेशीच्या आत अशी भिंत नाही. विभाजनाला चालना देणारी प्रथिनं त्याच वेळी मरणाचीही तयारी करून ठेवतात. ती तयारी कुणीतरी रोखून धरलेली असते, म्हणून पेशी जगते.

मिकचंच घ्या. हे प्रथिन पेशीला विभाजनाकडे ढकलतं. १९९२ साली जेरार्ड इव्हान आणि सहकाऱ्यांनी फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या पेशींमध्ये मिक सतत चालू ठेवलं आणि वाढीचे घटक पुरवणारा सीरम काढून घेतला. एरवी सीरम काढला की या पेशी विभाजन थांबवून शांत बसतात. इथे त्या थांबल्या नाहीत, पण मोठ्या संख्येने मरू लागल्या. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या पेशीत मिक चालूच्या स्थितीत अडकलं आणि आजूबाजूने जगण्याचे संकेत मिळाले नाहीत, तर ती पेशी गाठ होण्याआधीच संपते.

गाठ होऊ न देणारी ही अडवणूक मोडते कशी, ते बीसीएल-२ या प्रथिनामुळे कळलं. फॉलिक्युलर लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगामध्ये १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ प्रमाणाबाहेर तयार होऊ लागतं. पण १९८८ मध्ये डेव्हिड वॉ यांनी दाखवलं की हे प्रथिन विभाजन वाढवत नाही, ते पेशीला मरू देत नाही. मिक आणि बीसीएल-२ एकाच पेशीत प्रमाणाबाहेर चालू राहिले की काय होत असेल, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

आता पी५३. एरवी एमडीएम२ हे प्रथिन त्याला पकडून सतत नष्ट करवत असतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम हे एन्झाइम दोघांवरही फॉस्फेट चढवतं, पी५३ सुटतं आणि साठू लागतं. मग ते पी२१ चं जनुक चालू करतं, पी२१ हे प्रथिन विभाजन पुढे नेणाऱ्या सीडीके एन्झाइमांना अडवतं आणि दुरुस्तीसाठी विभाजन थांबतं. नुकसान आटोक्याबाहेर असेल तर तेच पी५३ प्यूमा, नॉक्सा आणि बॅक्स या पेशीला मरणाकडे नेणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. प्यूमा बीसीएल-२ ला निकामी करतं, बॅक्स मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं आणि पेशीची प्रथिनं कापून तिला संपवणारी कॅस्पेज एन्झाइमं जागी होतात. ही कॅस्पेज पी२१ लाही कापतात, म्हणजे थांबवणारं प्रथिनच मोडीत निघतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी५३ बिघडलेलं आढळतं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पाहू. हे औषध तर्कूच्या, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या रचनेच्या, सूक्ष्मनलिका गोठवतं, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मधोमध अडकते. या काळात गुणसूत्रं घट्ट गुंडाळलेली असल्याने प्रथिनं बनवण्यासाठी लागणारा नवीन आरएनए जवळजवळ बनत नाही. पेशीला मरू न देणारं, बीसीएल-२ च्याच कुळातलं एमसीएल-१ हे अल्पायुषी प्रथिन. ते नष्ट होत राहतं आणि त्याची भरपाई होत नाही. दुसरीकडे पेशीला विभाजनात धरून ठेवणारं सायक्लिन बी हे प्रथिनसुद्धा हळूहळू घटत असतं. एमसीएल-१ आधी संपलं तर पेशी मरते. सायक्लिन बी आधी संपलं तर ती विभाजन न करताच, दुप्पट गुणसूत्रं घेऊन बाहेर पडते. म्हणूनच एकाच बशीत, एकाच मात्रेत वाढवलेल्या सारख्या पेशींपैकी काही मरतात आणि काही निसटतात.