आधी आजीचा जन्मदाखला शोध

अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियाच्या फेडरल संसदेत जायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. पाठवलेलं भाषण चांगलं आहे, पण ते तूर्त बाजूला ठेव. आधी आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशा सहा जणांच्या जन्माचे आणि नागरिकत्वाचे कागद एका फाइलला लाव.

राज्यघटनेचं कलम 44 कडक आहे. परक्या देशाचं नागरिकत्व असेल, किंवा तिथल्या नागरिकाचे हक्क मिळण्याची पात्रता असेल, तर संसदेत बसता येत नाही. असं नागरिकत्व नकळतही अंगाला चिकटतं. 2017 मध्ये उपपंतप्रधान बार्नबी जॉइस अपात्र ठरले. त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातल्याच टॅमवर्थचा, पण वडील न्यूझीलंडचे, त्यामुळे तिथलं नागरिकत्व वारशाने आलं होतं. सेनेटर केटी गॅलाघर यांना तर आपल्या ब्रिटिश नागरिकत्वाची कल्पना होती. ते सोडण्याचा अर्ज त्यांनी 20 एप्रिल 2016 ला केला आणि 31 मे रोजी उमेदवारी भरली. ब्रिटनच्या दप्तरात नोंद झाली 16 ऑगस्टला. मे 2018 मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना अपात्र ठरवलं. नुसता अर्ज करून भागत नाही, उमेदवारी भरण्याआधी नोंद हातात पडायला हवी. दुसऱ्या देशाचा कायदा सुटकाच होऊ देत नसेल, तेवढ्यापुरती सवलत आहे. म्हणून हे काम निवडणुकीच्या वर्षभर आधी सुरू कर.

तुझ्या घरात भारतीय नागरिकत्वापेक्षा गोव्याकडून येणारं पोर्तुगीज नागरिकत्व नीट तपासायला हवं. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, त्यामुळे वडिलांचं सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला, फाइलला असलं की बरंचसं काम झालं. ओसीआय कार्डाबद्दल (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) मात्र घटनातज्ज्ञ वकिलाचं लेखी मत घे. पण आजीचा जन्म 1961 पूर्वीच्या गोव्यातला. तशा जन्माची पोर्तुगालमध्ये नोंद करून पुढच्या पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. एखाद्या काकांनी लिस्बनला कागद पाठवले होते का, त्यात वडिलांचं किंवा तुझं नाव गेलं का, हे सरळ फोन करून विचार. त्या कायद्याने तुझी पात्रता कुठे बसते, हे तिथल्या वकिलाकडून लेखी घे.

त्याच कलमात सरकारी पगाराच्या नोकरीचीही आडकाठी आहे. 1992 मध्ये विल्स मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत जिंकलेले फिल क्लिअरी सरकारी शाळेत शिक्षक होते. ते बिनपगारी रजेवर होते, तरी निवड रद्द झाली. राजीनामा उमेदवारीआधीच द्यायचा. नगर परिषदेचं सदस्यत्व मात्र 2018 च्या निकालानुसार आड येत नाही, आणि मी तुला तिथूनच सुरुवात करायला सांगेन.

पुढची खिंड प्रीसिलेक्शनची, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवारनिवडीची. गणेशोत्सवात हॉल भरतो, पाचशे लोक ओळखतात, पण त्यातले किती पक्षाच्या शाखेचे सभासद आहेत? मत देण्यासाठी ठरावीक काळ सभासद असावं लागतं, काही ठिकाणी बैठकांची हजेरीही धरतात. तुझ्या राज्यशाखेची नियमावली मागवून तारखा वहीत उतरव. ऐनवेळी घाऊक सभासद करू नकोस. दुसऱ्याने त्यांची फी भरली, तर ते ब्रँच स्टॅकिंग ठरतं आणि नाव कायमचं खराब होतं.

वरून उमेदवार लादला जाण्याची शक्यताही धरून चाल. 2022 मध्ये सिडनीच्या फाउलर मतदारसंघात लेबर पक्षाने स्थानिक व्हिएतनामी वंशाच्या तरुणीऐवजी बाहेरून क्रिस्टिना केनली यांना आणलं. जागा पक्की समजली जात होती. ती अपक्ष डाय ले यांनी जिंकली. लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या ले फेअरफिल्डच्या नगर परिषदेत वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्याच वर्षी पर्थच्या स्वान मतदारसंघातून गोव्याच्या कुटुंबातल्या इंजिनिअर झनेटा मस्कारेन्हास लेबरच्याच तिकिटावर निवडून आल्या. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. सेनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, पक्षयादीत खाली ढकललं, तरी लगेच हात टेकू नकोस. 2016 मध्ये टास्मानियात लिसा सिंग सहाव्या क्रमांकावर होत्या. सेनेटच्या मतपत्रिकेवर रेषेवर पक्ष आणि रेषेखाली एकेक उमेदवार असतो, आणि मतदार आकड्यांनी पसंतीक्रम देतात. मतदारांनी रेषेखालच्या चौकटीत त्यांच्या नावापुढे स्वतः 1 लिहिला आणि त्या निवडून आल्या. पण असं क्वचितच होतं.

अपक्ष उभी राहिलीस तर मतदारसंघातल्या 100 मतदारांच्या सह्या लागतात. दीडशे घे, कारण पत्ता बदललेले आणि यादीत नसलेले बरेच निघतात. अनामत 2,000 डॉलर, आणि पहिल्या पसंतीची 4 टक्के मतं मिळाली तर परत मिळते.

मतपत्रिकेवर सगळ्यात जास्त वेळ घाल. न्यू साउथ वेल्सच्या राज्य निवडणुकीत एका चौकटीत नुसता 1 लिहिला तरी मत धरतात. फेडरल निवडणुकीत प्रतिनिधीगृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक चौकटीत क्रमांक लागतो, नाहीतर मत बाद. इंग्रजी कमी येणाऱ्या वस्त्यांमध्ये अशी मतं जास्त वाया जातात, आणि ती नेमकी तुझ्या लोकांची असतात. म्हणून घरोघरी जाताना नमुन्याची मतपत्रिका ने. मावशी-काकांच्या हातात पेन दे, 1 पासून शेवटपर्यंत आकडे लिहायला लाव, एखादा आकडा दोनदा पडला तर दाखव. चूक झाली तर केंद्रावर नवी मतपत्रिका मिळते, हेही सांग. केंद्राच्या दारापासून 6 मीटरच्या आत तुझ्या माणसांनी प्रचार करायचा नाही, आणि प्रत्येक पत्रकावर ते कोणी अधिकृत केलं त्याचं नाव-गाव छापलेलं हवं.

काकांशी बोलणं झालं की लिस्बनचं काय निघालं ते कळव. भाषण त्यानंतर बसून पाहू.