भिंत कोणी रंगवायची?

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. आमच्या गावाला नगरपंचायत मिळाली आणि धानाच्या बांध्यांवर दोन ले-आउट पडले. तिथे बाहेरून आलेले नोकरदार राहतात. जुन्या गावाशी त्यांचा संबंध किराणा दुकानापुरताच. शहरांत रहिवासी मिळून भित्तिचित्रे आणि नाटके करतात व त्यामुळे मोहल्ले जवळ येतात, असे वाचले. आम्हीही वर्गणी काढून नागपूरहून चित्रकार बोलवावा आणि मुख्य रस्त्याच्या भिंती रंगवून घ्याव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. याने खरेच काही साधेल काय?

उत्तर : ताई, चित्रकाराला निरोप देण्याआधी थोडे थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. भिंत देखणी होईल, पण तेवढ्याने ले-आउटमधली बाई जुन्या गावातल्या ओट्यावर येऊन बसणार नाही. ज्या शहरी उपक्रमांनी वस्त्या जोडल्या, त्यांचे खरे काम रंगाचा डबा उघडण्याआधी झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांना आवर घालण्यासाठी एक मोहीम निघाली. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच मुलांच्या हाती ब्रश दिले, आणि पुढे भिंतीवर काय काढायचे हे त्या त्या वस्तीशी बसून ठरवण्याची रीत पडली. ज्याने बैठकीत आपल्या गल्लीची हकीकत सांगितली, त्याला त्या भिंतीवर कोणी थुंकलेले खपत नाही.

नागपूरची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारा स्त्रीरूपी पुतळा, तर आपल्या ओळखीची आहे. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. जुन्या वस्त्यांतले लोक स्वतः खपून ती घडवतात, आणि तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांवर, त्या वर्षीचे गाऱ्हाणे लिहून ते चव्हाट्यावर मांडतात.

पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या धानाच्या मुलखातच दिसते. दिवाळीनंतर धान निघाला की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य उभे राहते आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटके होळीपर्यंत रात्ररात्र चालतात. याच रंगभूमीवर घडलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. प्रयोग कंपनीचा असला तरी नाटक गावात आणते ते गावचे मंडळ. आमच्या गावी कापणी झालेल्या बांधीत घरटी एक माणूस फावडे घेऊन येई. प्रेक्षकांसाठी खड्डा खणला जाई, निघालेल्या मातीचाच मंच रचला जाई आणि बसायला खड्ड्यात तणस पसरले जाई. धुऱ्यावरून वर्षभर बोलणे बंद असलेल्या दोघा शेजाऱ्यांना एकाच घमेल्याला हात लावताना मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी तिकिटांचा हिशेब चावडीवर मोठ्याने वाचत, आणि उरलेल्या पैशांचे काय करायचे यावर जी चर्चा रंगे, ती कित्येकदा नाटकापेक्षा अधिक वेळ चाले. गाव जोडले जाते ते या खणण्यात, रचण्यात आणि हिशेबात, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून ले-आउटमधल्यांच्या हाती नुसती पावती देऊ नका, काम द्या. त्यांच्यात कोणी अमरावतीकडचे असतील तर खंजिरीवरचे भजन घेऊन येतील, कोणाला पेटी वाजवता येत असेल, कोणी विजेची जोडणी बघेल. तालमीची वेळ बायकांना जमेल अशी ठेवा. दंडारीत स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत आले, ती रीत तशीच चालू ठेवण्याचे काही कारण नाही. मंडळात प्रत्येक वॉर्डाची आणि प्रत्येक वस्तीची माणसे हवीत, विशेषतः ज्या वस्तीला आजवर कोणी विचारले नाही तिथली. आणि एखाद्या पुढाऱ्याचा फोटो फलकावर चढला की निम्मे गाव घरी बसते, हे आधीच ध्यानात ठेवा.

नाटकाने नाली बांधली जात नाही, हे खरे. मात्र तालमीला महिनाभर एकत्र बसलेली वीस माणसे नालीसाठी नगरपंचायतीत एकत्र जाऊ शकतात; एरवी ती एकमेकांना नावानेही ओळखत नसतात.

भिंत रंगवायचीच असेल तर मुख्य रस्ता सोडा. जुने गाव आणि ले-आउट यांच्या मधल्या वाटेवरची एखादी भिंत निवडा, तिला चुना गावकऱ्यांनीच लावावा आणि काय काढायचे ते तुमच्या शाळेतील दोन्हीकडच्या मुलांना मिळून ठरवू द्या. मंडईच्या आधी हे सारे जुळायचे असेल तर धानाच्या कापणीला हात लागण्यापूर्वीच पहिली बैठक बोलवा, आणि ती ले-आउटमधल्या एखाद्या अंगणात घ्या.