द्राक्षबागेतला कुत्रा सशामागे सुटतो, हाकेला येत नाही : जीपीएस आणि ट्रेनिंगचा पट्टा घ्यावा का, कसा वापरावा?

तुमचा प्रश्न असा : दोन वर्षांचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा, घर निफाड तालुक्यात कादवेच्या काठी. बागेत ससा उठला की कुत्रा शेजारच्या उसात घुसतो आणि तासभर सापडत नाही. बिबट्याची भीती आहेच. अशा वेळी जीपीएस आणि करंट (रिमोटने मानेला बसणारा विजेचा झटका) दोन्ही असलेला पट्टा घ्यावा का?

माग काढण्यासाठी जरूर घ्या. शिकवण्याची बटणं (बीप, कंपन, करंट) मात्र बोलावणं पक्कं होईपर्यंत दाबू नका. करंटचं बटण तर बहुतेक लागणारच नाही.

आधी वस्तू नीट ओळखा, कारण दुकानात तीन निरनिराळ्या गोष्टी ‘ट्रॅकर’ म्हणून विकतात. ब्लूटूथचा बिल्ला आजूबाजूच्या लोकांच्या फोनमार्फत जागा कळवतो. उसाच्या फडात रात्री फोन कुणाचा असणार? तो सोडून द्या. सिमकार्डचा पट्टा उपग्रहावरून जागा घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून तुमच्या फोनवर पाठवतो. कुत्रा चांदोरीपर्यंत गेला तरी दिसेल, पण नेटवर्क हवं. स्वस्तातले बरेच पट्टे टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्क नाहीच, त्यामुळे घेण्याआधी हे विचाराच. ज्या कंपनीची रेंज तुमच्या बांधावर, विहिरीपाशी आणि उसाच्या कडेला तिन्हीकडे मिळते, तिचंच सिम टाका. तिसरा प्रकार रेडिओचा : पट्टा आणि हातातला रिमोट थेट एकमेकांशी बोलतात. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या माळावरचं, मध्ये काहीच आड नसतानाचं असतं. उभा ऊस, चढउतार, घरं आली की त्याचा छोटा हिस्साच हाती लागतो.

एक कायद्याची बाब. अमेरिकेतून कुणी पाहुण्यामार्फत मागवतात ते लांब पल्ल्याचे शिकारी पट्टे साधारण 151 ते 154 मेगाहर्ट्झवर चालतात. त्या वारंवारिता तिकडे विनापरवाना आहेत, आपल्याकडे नाहीत. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ कमी शक्तीच्या उपकरणांना मोकळ्या आहेत. विकणाऱ्याकडे डब्ल्यूपीसीची (रेडिओ वारंवारिता बघणारा केंद्र सरकारचा विभाग) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आहे का ते विचारा. नसेल तर घेऊ नका.

सिमच्या पट्ट्यावरून ‘ट्रेनिंग’ करता येतं असं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. जागा फोनवर येईपर्यंत काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं जातात. ताशी 40 किलोमीटरने पळणारा कुत्रा 30 सेकंदांत 330 मीटर जातो. तुम्ही नकाशा बघून बटण दाबाल तेव्हा ससा कधीच दिसेनासा झालेला असेल आणि कुत्रा घराकडे वळलेला असेल. म्हणजे त्याला शिक्षा मिळाली परत येण्याची! असं दोनदा झालं की तो तुमच्यापासून लांबच उभा राहायला शिकतो. म्हणून कुत्रा डोळ्यांना दिसत असेल तेव्हाच बटण, एरवी नाही. तुम्हाला माझा सल्ला : माग काढायला सिमचा हलका पट्टा, आणि शिकवताना तेवढ्यापुरता बीप व कंपन देणारा साधा रिमोटचा पट्टा. 500 मीटरचा पल्ला बागेला पुरतो. दोन्ही मिळून 250 ग्रॅमच्या वर वजन नको.

कारवानची मान त्याच्या डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की डोक्यावरून निसटतो. तो मानेच्या सगळ्यात बारीक भागावर, कानांच्या अगदी मागे, उंच बसवा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. रिमोटच्या पट्ट्याची धातूची टोकं असतात, ती दोन्ही कातडीला टेकली पाहिजेत. एकच टेकलं तर करंट कधी लागतो, कधी नाही, आणि कुत्र्याला त्याचा काहीच अर्थ लागत नाही. कारवानचे केस आखूड, त्याला आखूड टोकं पुरतात. मानेला पडणाऱ्या जखमा बहुतेक वेळा करंटने भाजून झालेल्या नसतात, त्या दाबाने होतात. दर दोन तासांनी टोकांची जागा थोडी सरकवा, दिवसात आठ तासांच्या वर ठेवू नका, संध्याकाळी काढून मान पुसा आणि लाल चट्टा आहे का ते बघा. चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत पट्टा नाही. धनगरी खिळ्यांचा पट्टा आणि हा एकत्र घालू नका, खिळ्यांचा पत्रा अँटेनाला आडवा येतो.

आता शिकवणं. पहिले दहा दिवस रिमोटचा पट्टा बंद अवस्थेत, रोज घाला आणि काढा. नाहीतर कुत्रा इतकंच शिकतो : पट्टा असेल तेव्हा ऐकायचं, नसेल तेव्हा नाही. याच दहा दिवसांत बोलावणं पक्कं करा. ‘ये’ हा शब्द घरात दिवसभर पन्नास वेळा येतो, त्यामुळे त्याला धार राहत नाही. मी शिट्टी सुचवतो. ती तुम्ही वाजवा, काकू वाजवोत किंवा बागेतला गडी वाजवो, आवाज एकच. दहा मीटरचा दोर बांधा. बागेत नको, तो वेलींच्या वाय आकाराच्या अँगलला आणि ठिबकच्या नळ्यांना अडकतो. कांदा काढलेलं रिकामं वावर उत्तम. शिट्टी, दोराला हलका इशारा, कुत्रा पायाशी आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. पाच-पाचच्या चार खेपा, सकाळ-संध्याकाळ विभागून.

दोर सैल असताना दहापैकी नऊ वेळा वळतो आहे, असं दिसलं की बीप आणा. क्रम महत्त्वाचा : आधी बीप, एक सेकंद थांबून शिट्टी, मग तुकडा. दोन आठवड्यांत बीपलाच मान वळते. कंपन त्यानंतर, आणि तेही आधी अंगणात हातात धरून दाखवा. पुष्कळांना वाटतं कंपन म्हणजे सौम्य. कारवानसारख्या हळव्या जातीचा कुत्रा कंपनाने दचकून शेपूट पोटाखाली घेतो, जागेवरच थिजतो. तसं झालं तर कंपन सोडा आणि बीपवरच राहा.

बटण दाबायचा क्षण फार छोटा असतो. कुत्रा मान ताणतो, कान उभे करतो, पुढचा पाय उचलतो, तेव्हा. पाठलाग सुरू झाला की डोळ्यांनी शिकार करणाऱ्या या कुत्र्याला जवळजवळ काही ऐकूच येत नाही. तो वळला की बटण लगेच सोडा, वळला त्याच घटकेला शाबासकी.

करंटबद्दल स्पष्ट लिहितो. वेल्समध्ये असे पट्टे 2010 पासून बंद आहेत. आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 चं कलम 11 विनाकारण वेदना देण्याला गुन्हा मानतं. सहा महिन्यांखालचं पिल्लू, गाभण कुत्री, फिट्स येणारा किंवा हृदयाचा आजार असलेला कुत्रा, यांना तो कधीच नको. भुंकणं, भीती, दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणं, यावरही नको. वेदना आणि समोर दिसणारं मूल किंवा कुत्रा यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते आणि तो चावायला लागतो. ओल्या मानेवर रिमोटवरचा करंटचा तोच आकडा जास्त लागतो. कुत्रा केकाटला तर आकडा कधीच फार पुढे गेलेला आहे. सगळं करूनही बोलावणं जमत नसेल तर पशुवैद्य किंवा जाणकार प्रशिक्षकाला समोर बसवून ठरवा, एकट्याने प्रयोग नको. ससा आणि मोर हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली येतात, तेव्हा ‘पळू दे थोडा’ म्हणणंही बरोबर नाही.

पट्टा दगा देतो तो साध्या कारणांनी. सोडण्याआधी मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबा आणि नकाशावर जागा आलेली बघा. गोठ्याच्या पत्र्याखाली चालू करून सोडला तर बराच वेळ चुकीची जागा दिसते. कुंपणाचा इशारा (नकाशावर आखलेली हद्द ओलांडली की फोनवर येणारी सूचना) लावायचा तर बांधाच्या 20 ते 30 मीटर आत लावा, कारण दाट झाडीत जीपीएस दहा मीटर सहज चुकतं आणि कुत्रा खाटेखाली झोपलेला असताना फोन ओरडत बसतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) फवारलेल्या ओळीतून फिरला असेल तर चार्जिंगचे बिंदू ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, नाहीतर हिरवट थर चढून चार्ज होणं बंद पडतं. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, कादवेत पोहण्याची हमी नव्हे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज करू नका, बॅटरी फुगते.

द्राक्षाच्या मण्यांचाही विचार करा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, किती खाल्ले की बाधतं याचा ठरावीक हिशेब नाही. काढणीच्या दिवसांत खाली पडलेल्या घडांपासून त्याला लांब ठेवा. खाल्लेले कळले तर उलटीची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

आणि कुत्रा उसात गेला, नकाशावरचा त्याचा ठिपका थांबला, तर एकटे आत शिरू नका, विशेषतः अंधारात. शेवटच्या ठिपक्याची वेळ टिपून ठेवा, बाहेरच्या उंच बांधावर उभं राहून शिट्टी वाजवा, दोन-तीन माणसं आणि मोठी बॅटरी घेऊन कडेकडेने फिरा. ठिपका फडाच्या ज्या बाजूला असेल तिथे त्याचं रोजचं पोतं आणि पाण्याचं भांडं ठेवा. रात्री मात्र पट्ट्याच्या भरवशावर बाहेर बांधू नका. दार आणि छप्पर असलेल्या जाळीच्या खोलीत ठेवा.